पन्नास टक्के लॅक्टिक

६ जानेवारी, सोमवार
मोहनरावांनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं पगारवाढ. डेअरीचं नवीन होर्डिंग लागणार आहे, भिगवण रोडला. मालकांना यंदा म्हशीचा फोटो नको, माणसाचा हवा. माणूस म्हणजे क्वालिटी लॅबचा इन्चार्ज. म्हणजे मी.
मोहनराव आमचे मॅनेजर. तोंडावर बोलणारा माणूस. म्हणाले, "ऋषिराज साहेब, फोटूला महिनाअखेर हाय. तवर जरा कपाळाचं बघा. रवा सांडल्यागत दिसतंय."
घरी येऊन आरशात पाहिलं. रवा नाही. रवा एकसारखा असतो. हा साबुदाणा आहे.
वय बत्तीस. या वयात पिंपल्स येत नाहीत असं अकरावीत असताना वाटायचं.

७ जानेवारी
निश्चय. शास्त्रीय पद्धतीने जायचं. मी एमएस्सी केमिस्ट्री आहे, जाहिरातीला भुलणाऱ्यातला नाही.
समजलं ते असं. कातडीवरच्या मेलेल्या पेशी आणि तेल मिळून छिद्रं बुजतात. घासून काढायला गेलं तर सूज वाढते, म्हणून अक्रोडाचा स्क्रब बाद (दोन वर्षं वापरतोय. आज बाद). त्यापेक्षा सौम्य अ‍ॅसिड लावायचं, ते पेशी सोडवतं. सॅलिसिलिक तेलात विरघळतं, म्हणून छिद्रात उतरतं. मँडेलिक सावकाश मुरतं, नाजूक कातडीला बरं. लॅक्टिक वरवर काम करतं, ओलावा धरतं.
लॅक्टिक. रोज सकाळी दुधात मी काय मोजतो? बारामती तालुक्यात लॅक्टिक अ‍ॅसिड माझ्याइतकं ओळखणारा माणूस नसेल.

८ जानेवारी
ओवीचं वेगळंच चाललंय. ओवी माझी धाकटी बहीण, एस.वाय.ला आहे. तिलाही हाच त्रास, गालांवर. ती सरळ स्किनच्या डॉक्टरकडे गेली. मॅडमनी एक जेल दिलंय, रात्री मुगाच्या दाण्याएवढं. वर मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन. फरक पडायला दोन-अडीच महिने. तोवर धीर धरायचा म्हणे.
धीर हे काय औषध आहे?

९ जानेवारी
मेडिकलमध्ये गेलो. दुकान मोहितचं, माझ्या वर्गातला. काउंटरला तीन बायका. आधी खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. मग बँडेज घेतलं. बायका गेल्यावर हळूच म्हणालो, बहिणीसाठी काहीतरी हवंय, चेहऱ्याचं.
मोहितने माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि विचारलं, बहिणीची स्किन तेलकट आहे का? दोन टक्के सॅलिसिलिक दिलं. आठवड्यातून दोनच रात्री लावायला सांग म्हणाला. जळजळलं तर थांबायला सांग. आणि बहिणीला हेल्मेटच्या आतलं कापड धुवायला सांग.
खोटं बोलायची गरज नव्हती. पण खरं बोलायचीही नव्हती.

१३ जानेवारी
दोन वेळा लावलं. काही नाही. साबुदाणा तसाच.
दोन टक्के. दोन टक्क्यांत काय होणार?

१५ जानेवारी
ऑनलाइन मिळालं. लॅक्टिक अ‍ॅसिड पील, पन्नास टक्के. बाटलीवर लिहिलंय 'फक्त तज्ज्ञांसाठी'. हे चांगलं आहे. म्हणजे कोणीही उठून वापरणार नाही.
ऑफिसातून पीएच पेपर आणला (परत देणार).

१९ जानेवारी, रविवार
आई पुढच्या गल्लीत हळदीकुंकवाला. ओवी लायब्ररीत. योग्य वेळ.
सूचनेत आधी कानामागे थेंबभर लावून दोन दिवस थांबा, असं होतं. ते सामान्य लोकांसाठी. ब्रशने कपाळ आणि दोन्ही गालांवर लावलं. मुंग्या आल्या. मुंग्या म्हणजे काम चालू. वेळ तीन मिनिटं. दुसऱ्या मिनिटाला मोहनरावांचा फोन, वडगाव निंबाळकरचा टँकर आंबट लागतोय, काय करू. आकडा विचारला. ०.१८ टक्के लॅक्टिक. म्हणालो, बिलकुल घ्यायचा नाही, परत पाठवा. ड्रायव्हर ऐकेना. त्याला फोनवर घेऊन समजावलं की इतक्या अ‍ॅसिडला दूध फाटतं.
मग आठवलं की तोंडाला पन्नास टक्के आहे.

२० जानेवारी
चेहरा लाल. गालाला हात लावला की इस्त्रीला लावल्यासारखं. याला पर्जिंग म्हणतात, आतली घाण वर येते. अपेक्षितच होतं.
आई म्हणाली, "आरं, ह्ये काय झालं तोंडाला?" म्हणालो, परवा उन्हात फार फिरलो. "जानेवारीत?" म्हणाली.


२१ जानेवारी
पर्जिंग नाही. पर्जिंगला खपली धरत नाही.
ऑफिसात मास्क लावून गेलो. सर्दी आहे म्हणालो. तीन जणांनी आपापला काढा सांगितला. जेवायला डेअरीच्या जीपमध्ये बसलो, काचा लावून. आपण काय करतोय असं एकदा वाटून गेलं. डबा संपवला.

२४ जानेवारी
ओवीची बातमी. शेतीच्या एका यूट्यूब चॅनेलवर रोजचे बाजारभाव वाचायला मुली हव्या होत्या. शंभरेक मुलींतून दोघी ठेवल्यात, ओवी आणि तिची मैत्रीण श्रिया. दोन फेब्रुवारीला इंदापूरच्या मार्केटमध्ये शूटिंग, त्यातून एकीला घेणार. ओवी दिवसभर घरात डाळिंब, कांदा, चिलापी-कटला मासे यांचे भाव मोठ्याने वाचतेय. आवाज फार छान आहे तिचा. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.
आईला पुढच्या खोलीत खुर्चीवर बसवून ठेवलंय, प्रेक्षक म्हणून. आई प्रत्येक भावाला "लई म्हाग" म्हणते.

२६ जानेवारी, रविवार
खपल्या पडल्या. खाली तपकिरी डाग. घरी मास्क काढला तर चालतो, ऊन हे कारण आता रुळलंय.
संध्याकाळी ओवी बाथरूममधली बाटली घेऊन आली. दादा, हे चालेल का मला? जेलने फरक आहे, पण शूटिंगच्या आत एवढं जाणार नाही. तू केमिस्ट आहेस म्हणून विचारते.
नको म्हणायचं होतं. पण नको म्हटलं की का विचारणार. मग ऊन नव्हतं हे सांगावं लागणार. तिला, मग आईला, मग सगळ्यांना.
शिवाय दोष वस्तूत नव्हता, वेळेत होता. फोन आला नसता तर काही झालं नसतं.
तिने विचारलं, तू वापरलंस?
मी म्हणालो, बघतोय अजून. चालेल तुला. पण दोनच मिनिटं, आणि फोन लांब ठेव.
ती थँक्यू म्हणाली.

२७ जानेवारी
तिने दोनच मिनिटं लावलं. फोन लांब ठेवला होता. सगळं सांगितल्याप्रमाणे केलं.
डावा गाल सोलवटलाय. उजवा लाल.
जेल चालू असताना वर असलं अ‍ॅसिड चालत नाही, हे आज वाचलं. जेल चालू आहे हे मला माहीत होतं. मीच वर लिहिलंय.

२८ जानेवारी
डॉक्टरांकडे नेलं. मी मास्क ठेवला, दवाखान्यात सगळेच ठेवतात. मॅडम ओवीवर रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट. जेलने कातडी आधीच पातळ झालेली असते, म्हणाल्या, त्यावर पन्नास टक्के लावणं म्हणजे ओल्या भिंतीवर पॉलिश पेपर मारणं. बरं होईल, पण डाग जायला काही महिने लागतील. मग विचारलं, हे कोणी सांगितलं?
मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. मास्कमुळे दिसलं नाही एवढंच.
ओवी म्हणाली, कोणी नाही मॅडम, मीच मागवलं नेटवरून.
बाहेर आल्यावर मला म्हणाली, तुला कुठं माहीत होतं असं होईल. जाऊ दे.
मी पार्किंगचे दहा रुपये दिले आणि गाडी काढली.

२९ जानेवारी
आज सांगणार होतो. पण तिला आधीच त्रास होतोय, त्यात हे कशाला. तिच्या दृष्टीने न सांगणंच बरं.

३१ जानेवारी
फोटो झाला. फोटोग्राफरने लाइट फिरवून पाहिले, पावडर लावून पाहिली. शेवटी मोहनरावांनीच तोडगा काढला. "साहेब, टोपी आन् मास्क घाला. लॅबवालं वाटतंय, सवच्छ वाटतंय." डोळे तेवढे दिसतात. हातात दुधाची परीक्षानळी. वर ओळ, 'आमची नजर, तुमचा विश्वास'.
मोहनराव म्हणाले, लई भारी आलाय. कोण हाय ते कळत न्हाय, पण भारी हाय.

२ फेब्रुवारी, रविवार
ओवी इंदापूरला गेली नाही. मी म्हणालो, मी सोडतो, मेकअपने झाकता येईल. मॅडमनी गालाला काही लावू नको म्हणून बजावलंय, हे तिने मला शांतपणे सांगितलं.
दुपारी श्रियाचा व्हिडिओ आला. चांगलं वाचलं तिने. चिलापीचा भाव वाचताना अडखळली. ओवीने तिला फोन करून अभिनंदन केलं, हसून बोलली, मग खोलीत जाऊन दार लावलं.
आई मला म्हणाली, "त्या बाटलीवाल्यावर केस कर. पोरीचं वाटुळं केलं मेल्यानं."
बघतो म्हणालो.

५ फेब्रुवारी
बाटली फेकून दिली. आधी बेसिनमध्ये ओतणार होतो, मग नळ गंजेल असं वाटलं, म्हणून सोडा घालून निष्क्रिय केलं आणि मग ओतलं. नळाची काळजी घेतली. 

१० फेब्रुवारी
निश्चय. उद्या ओवीची फेरतपासणी. डॉक्टरांसमोर सगळं सांगायचं. तिथे सांगितलं की ओवीलाही आपोआप कळेल आणि मॅडम असल्यामुळे ती ओरडणार नाही. वाक्य तयार आहे. "मॅडम, त्या दिवशी ओवीने जे सांगितलं ते पूर्ण खरं नव्हतं, माझीही काही जबाबदारी होती." 'काही' ठेवायचं की काढायचं, उद्या ठरवू.

११ फेब्रुवारी, मंगळवार
मॅडमनी ओवीचा गाल पाहिला. नवी कातडी चांगली येतेय म्हणाल्या. उन्हाला जप, जेल सध्या बंदच ठेव.
मग मी सुरुवात केली. 'काही' काढलं होतं. अर्धं वाक्य झालं तर मॅडम म्हणाल्या, "ऐकू येत नाहीये, मास्क काढून बोला."
काढला.
मॅडमनी दिवा माझ्याकडे वळवला. हनुवटी धरून तोंड एका बाजूला फिरवलं, मग दुसऱ्या. मी म्हणालो, ते ऊन लागलंय. का म्हणालो कळत नाही. सांगायलाच आलो होतो.
मॅडम म्हणाल्या, "उन्हाची कड अशी सरळ येत नाही. हा ब्रश आहे. हिच्याच बाटलीतलं ना?" मग जवळून पाहून म्हणाल्या, "तुमचं हिच्याआधीचं आहे. आठवडाभर तरी."
ओवी शेजारीच बसली होती. तिला हिशोब करायला वेळ लागला नाही.
"दादा, तुझं भाजलेलं होतं?"
होय.
"तरी चालेल म्हणालास?"
माझं वाक्य तयार होतं, पण ते या प्रश्नाचं नव्हतं. नुसती मान डोलावली.
"मला वाटलं तुला माहीत नव्हतं," ओवी म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मॅडमनी मलाही तेच मलम लिहून दिलं, वेगळ्या कागदावर, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.
गाडीवर मागे बसताना तिने सॅक आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली. सिग्नलला मी सॉरी म्हणालो. मागच्या ट्रॅक्टरचा हॉर्न वाजत होता. तिने ऐकलं असावं. परत म्हणायला हवं होतं, पण सिग्नल सुटला.
घरी आईने विचारलं, काय म्हणाल्या डॉक्टर? वाटलं, आता सांगणार. मी दारातच उभा राहिलो, चपला न काढता.
ओवी म्हणाली, "बरं होतंय." मग पाणी प्यायली, पेला पालथा घातला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोघांचंही."
आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं. नीट, पहिल्यांदाच. बाटलीवाल्याचं नाव तिने पुन्हा काढलं नाही.
आज जेवायचं नाही असं ठरवलं होतं. कोणी आग्रह केला नाही. ताट वाढून ठेवलेलं होतं, म्हणून जेवलो.