साठवलेलं पान

५ ऑगस्ट २००२, सोमवार. आलोफी

सगळं ऑफिस आज माझ्या मानगुटीवर! का, तर रग्बीचे निकाल शिळे दिसतात. सिफा हिशेबाच्या टेबलावरून ओरडली, "काका, तुमचा सर्व्हर आम्हाला गेल्या आठवड्याचा उकडलेला तारो-कंद वाढतोय!" सगळे फिदीफिदी हसले. हसा. या बेटावर नेटची लाइन एकच, तीही आकाशातून येणारी, दोऱ्याएवढी. प्रत्येकानं तेच पान पुन्हा पुन्हा ओढलं तर साहेबांचं एक पत्र जायला दुपार होते. म्हणून प्रॉक्सी, म्हणजे आमचा मधला सर्व्हर, एकदा आणलेलं पान साठवतो आणि पुढच्याला तेच देतो. तरी लोक रिफ्रेशचं बटण बडवत बसतात. रजिस्ट्रीत, म्हणजे सर्व्हरच्या नेमनोंदींच्या वहीत, शिरून मी प्रॉक्सीला बजावून ठेवलंय — त्या बटणाचं ऐकायचं नाही. बडवा किती बडवायचं ते!

जुगार, गप्पांचे अड्डे, फुकटात पानं थाटून देणाऱ्या जागा — गाळणी लावून सगळ्यांना दार बंद केलंय. लिनेताचं पान अशाच एका फुकटच्या जागेवर आहे. तिच्यापुरती एक फट ठेवली. पोटची पोर आहे, शेवटी.

जेवणाच्या सुट्टीत पाहिलं. पान झटकन उघडतं — ते एकच. मजकूर तोच. "लांगीच्या जावळाची तारीख अजून ठरली नाही." फोटोत नातू हसतोय, केस पार कमरेपर्यंत — आमच्यात जावळ होईस्तोवर मुलाच्या केसांना कात्री लावत नाहीत. खाली पान पाहून गेलेल्यांचा आकडा — दोनशे बारा. कधी पाहावं तर दोनशे बाराच! माझ्या लेकीच्या दारात कुणी फिरकत नाही वाटतं.

६ ऑगस्ट

दोनशे बारा.

७ ऑगस्ट

फोन करावा का? नाही. नाताळात तीच म्हणाली होती, "पपा, ऑकलंडला या, आमच्याजवळ राहा." मी म्हटलं, घर कोण बघणार? अंगणात तुझ्या आईची कबर आहे, तिच्यावरचं गवत कोण काढणार? तर म्हणते, "मग बसा तिथेच! आता मी फोन करणार नाही. काय कळवायचं ते पानावर लिहीन. नाहीतरी दिवसभर त्या यंत्रापुढेच असता." ठीक आहे. लिही म्हणावं. पण लिहीत तर नाही ना! एक अक्षर नाही. राग एवढा?

९ ऑगस्ट, शुक्रवार

विमान आलं. सिफाची आत्या आली ऑकलंडहून. धावपट्टीच्या कुंपणापाशीच मला गाठलं — "लांगीचं जावळ काय थाटात झालं हो! डुकरं काय, तारो काय, माणसं मावेनात. तुम्ही का नाही आलात? सगळे विचारत होते."

मी म्हटलं, गुडघा धरलाय.

झालं? जावळ झालं? आमच्या घरात पहिली बट आजोबानं कापायची असते. मी लिनेताच्या भावाच्या पोराची कापली होती. लांगीची कुणी कापली, हे विचारायचा धीर झाला नाही.

आणि पान म्हणतंय — तारीख अजून ठरली नाही. चक्क खोटं! माझ्यापासून लपवलं.

११ ऑगस्ट, रविवार

चर्चला जाऊन आलो. रविवारी हाताला काम नाही, होडी पाण्यात घालायची नाही — एकट्या माणसाला हा दिवस खायला उठतो. ताकिही केलं, तारो आणि पपईच्या चकत्या रचून, नारळाच्या दुधात. सवयीनं चौघांपुरतं झालं. कबरीपाशी बसून खाल्लं. तिला सांगितलं — तुझ्या लेकीनं मला बोलावलं नाही गं.

खूप एकटं वाटलं. मग संताप आला. उद्या ती फट बुजवून टाकतो. न राहील पान, न जाईल माझा जीव तिकडे!

१२ ऑगस्ट, सोमवार

गेल्या गेल्या रजिस्ट्री उघडली. लिनेताचा पत्ता शोधला, पुसणार तोच त्याच पत्त्याची दुसरी नोंद दिसली. माझीच. जानेवारीतल्या वादळातली. छपरावरची तबकडी हलणार, लाइन जाणार, मग लांगी दिसणार नाही, म्हणून मीच लिहिलं होतं — हे पान कायम साठ्यातूनच द्यायचं, नवं मागवायचं नाही. वादळ ओसरलं. नोंद राहिली. मी विसरलो!

आणि तो आकडा. अरे गाढवा, तू रोज जात होतास ना? मग निदान तुझ्यामुळे तरी तो हलायला नको होता? रग्बीवरून दुनियेला शहाणपण शिकवतो, आणि स्वतः जानेवारीपासून एकाच शिळ्या पानापुढे रुसून बसलाय. रागवायचं कुणावर? आपलेच दात, आपलेच ओठ.

नोंद काढली. सेवा बंद करून चालू केली, त्याशिवाय बदल लागू होत नाही. "काका, नेट गेलं!" — आरडाओरडा. जाऊ दे.

पान मागवलं. वरून खाली, इंचाइंचानं उतरू लागलं. नवं शीर्षक दिसलं आणि मी पडदाच बंद केला. घरी आलो. भीती वाटली — इतके महिने तिनं काय काय लिहिलं असेल? आणि मी गप्प.

१३ ऑगस्ट

पाहिलं. लांगीचं डोकं भादरलेलं, कानामागे एकच लांब बट, लाल फीत बांधलेली. खाली — "पपा, चारदा कळवलं. पहिली बट तुमची, म्हणून तेवढी राखलीय. शाळेत पोरं चिडवतात, पण कुणाला हात लावू देत नाही. अजून रागावलात?"

फोन लावला. लांगीनंच उचलला. "आजोबा, कात्री तुमचीच आणा. इथली सगळ्यांनी माझी एकेक बट कापून कापून बोथट केलीय."

शुक्रवारचं तिकीट काढलं. कात्री बॅगेच्या तळाशी घातली आहे.