खिडकीजवळचा बाक

मोठ्या बाई,

तुम्ही मला ओळखणार नाही हे मला ठाऊक आहे. जिवंत असताना ओळखलं नाहीत, आता काय ओळखाल. मी शाळेत आले की दर वेळी तुमचं तेच, "आजी, तुम्ही कुणाच्या?" कुठल्या पोराचं हातच्याचं चुकतं, कुणाची जोडाक्षरं अडतात, ते सगळं तुमच्या डोक्यात, मोठ्या माणसाचं तोंड मात्र फाटकाबाहेर गेलं की पुसलं. मेल्यावर आठवण सुधारते की नाही ते मला माहीत नाही, म्हणून पुन्हा सांगते. मी वसईच्या खाडीकाठची, केळीच्या वाडीतली म्हातारी. विरारला तुमच्या शाळेत तिसरीत होती त्या पोरीच्या आईची आई. ती आई, म्हणजे माझी लेक, आत्ता हे लिहून घेते आहे, कारण मला अक्षर येत नाही. ती म्हणते, मोठ्या बाईंशी असं कुणी बोलतं का. मी म्हणते, तू लिही.

काल असं काही घडलं आहे की मला एका जागी बसवत नाही. पण आधीचं आठवल्याशिवाय तुम्हाला कालचं कळायचं नाही.

लेकीचा संसार मोडला तेव्हा कोर्टाने पोरगी बापाकडे दिली. त्याचा चंदनसारला फ्लॅट, मुंबईला नोकरी, घरात सांभाळायला बहीण, आमच्याकडे केळी. लेकीला महिन्यातले दोन रविवार. पोर यायची, आईकडून केस विंचरून घ्यायची, उन्हं उतरली की जायची. मधल्या दिवसांत तिचं काय चाललंय ते कळायला वाट नव्हती. कांजिण्या आल्या होत्या हे खपल्या पडून गेल्यावर समजलं. गणितात नापास झाली ते पोरीने लपवलं, दुसऱ्याच कुणाकडून कानावर आलं. म्हणून लेक शाळेच्या ऑफिसात गेली, तर क्लार्क म्हणाला, "निकाल पालकांना."

"मी आई आहे तिची."

"असाल. पालक वडील आहेत. त्यांची चिठ्ठी आणा."

ती परत आली आणि दिवसभर वाडीत केळीची पानं कापत राहिली. एवढी कापली की शेजारीण विचारायला आली, लग्न कुणाचं आहे.

संक्रांतीत तुमच्या शाळेत आयांचं हळदीकुंकू असायचं, आणि त्यात तुमची एक रीत होती. प्रत्येक आईने आपल्या पोराच्या बाकावर बसायचं, आणि वर्गाच्या बाईंनी बाकाबाकाशी जाऊन वाण देता देता त्या पोराचं बरंवाईट सांगायचं. रविवारी आमची म्हणाली, "आई, तू येशील ना? माझा बाक खिडकीजवळचा." ती गेल्यावर लेक मला म्हणते, "नवऱ्यापासून सुटलेलीने हळदीकुंकवाला कुठल्या तोंडाने जायचं? बायका काय बोलतील?"

"काही बोलणार नाहीत. त्यांच्या तोंडात तिळगूळ असेल."

ऐकेना. मग त्या दिवशी मी कपाळ धरून बसले. डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हटलं, विरारच्या डॉक्टरकडे ने. शाळेच्या फाटकाशी आलो आणि माझे डोळे एकदम बरे झाले.

"आई, फसवलंस मला."

"हो. पदर नीट घे."

वर्ग अजून माझ्यासमोर आहे. गुलाबपाण्याचा वास, आणि लहान पोरांच्या बाकांवर गुडघे वर करून बसलेल्या भरल्या अंगाच्या बायका. खिडकीजवळच्या बाकावर आत्या बसलेली. लेकीला बघून ती म्हणते, "हिला कुणी बोलावलं? पोरगी कोर्टाने आमच्याकडे दिली आहे." लेक मागे फिरते, मी तिचं मनगट सोडत नाही. तेवढ्यात दारात तुम्ही. आणि माझ्याकडे बघून काय म्हणता, तर, "आजी, तुम्ही कुणाच्या?"

मी लेकीला पुढे केलं. "ही त्या बाकावरच्या पोरीची आई."

"मग तो बाक यांचा. आत्याबाई, तुम्हाला खुर्ची मागवते."

"आमच्याकडे कोर्टाचा कागद आहे," आत्या म्हणाली.

"आणा ना. वाचू." आणि वर्गाच्या बाईंना म्हणालात, "यांना आधी कुंकू लावा."

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन बापच आला, कामावर न जाता. तुम्ही आम्हालाही बोलावून घेतलंत. कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलात, मग टेबलावर त्याच्यापुढे सरकवलात. "मुलगी कुणाकडे राहील ते यात आहे. आईला कधी भेटेल तेही आहे. शाळेने आईशी बोलू नये, हे कुठे लिहिलंय? बोट ठेवा." त्याने पानं उलटली, पालटली. मीसुद्धा वाकून बघितलं, जसं काही मला दिसणार होतं. बोट ठेवायला जागा नव्हती. "मग पोर कशी शिकते ते शाळा दोघांनाही सांगणार," तुम्ही म्हणालात.

तो काही वाईट माणूस नव्हता, बाई. उठता उठता त्याने हळूच विचारलं, "गणित खरंच इतकं कच्चं आहे?" त्यालाही ठाऊक नव्हतं. प्रगतिपुस्तकावर सह्या बहिणीच्या. लेक म्हणते, हे कशाला लिहायचं. लिहायचं.

तेव्हापासून प्रगतिपुस्तकाची नक्कल पोस्टाने आमच्याकडे यायला लागली. लेक वाचायची, मी ऐकायची. "अक्षर सुंदर. वर्गात फार बोलते." फार बोलते ते आमच्या बाजूचं.

आता कालचं. ती पोर शिक्षिका झाली आहे, वालीवला, कारखान्यांतल्या कामगारांची पोरं येतात त्या शाळेत. काल तिच्या वर्गातल्या एका मुलीचा बाप आला, वर्कशॉपमधून निघून, हाताला ऑइल तसंच. मुलगी आईकडे असते. ऑफिसात त्यालाही तेच ऐकवलं, आईची चिठ्ठी आणा. नात वर्गातून बाहेर आली. "कागद आहे तुमच्याकडे?" त्याच्या खिशात होता, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला. ती त्याला घेऊन थेट हेडमास्तरांपुढे उभी राहिली. "सर, यांच्याशी बोलू नये असं कुठे आहे त्यावर बोट ठेवा." तुमचे शब्द, बाई. आमच्याच तोंडून तिने लहानपणापासून ऐकलेले. नोकरीला वर्षसुद्धा झालेलं नाही, आणि हेडमास्तरांना बोट ठेवा म्हणते. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाले, "बसवा त्यांना." तिने त्याच्यापुढे मुलीची निबंधाची वही ठेवली. खुर्ची दिली होती, तरी तो उभ्यानेच वाचत राहिला. नात तिथून जी निघाली ती चप्पल न काढता आमच्या स्वयंपाकघरात. सांगताना श्वास पुरेना तिला, आणि ऐकताना मला. लेक तेवढी चुलीकडे तोंड करून उभी होती. आत्ताही खाली बघूनच लिहिते आहे.

हे पत्र कुठे जाणार नाही. लेक विचारते, पाकिटावर पत्ता काय घालू. मी म्हटलं, घालू नको. एवढंच सांगायचं राहिलं की तुमच्याकडून इतकी वर्षं आमच्याकडे पाकिटं आली, आमच्याकडून तुम्हाला काही गेलं नाही. तुम्हाला मूलबाळ नव्हतं, म्हणून सर्वपित्रीला मी एक पान तुमच्या नावाने ठेवत आले आहे. लेकीला हे आत्ता लिहिताना कळतंय. पण तुम्हाला खायला काय आवडायचं ते मी कधी विचारलं नाही. भेटले की आपल्याच पोरीचं विचारायचे. यंदा आमच्या वाडीतली केळी वाळवून केलेली सुकेळी ठेवते, वर तूप सोडून. नको असतील तर कावळ्याला शिवू देऊ नका, मी तासाभराने अळूवडी ठेवीन.