स्थिर हात

सोमवार, ३ तारीख
आले एकदाची! कारखाना खाली, माझी खोली वर. जिना उतरला की नोकरी. इथे कृत्रिम डोळे बनतात. कप्प्याकप्प्यांत काळे, तपकिरी, घारे डोळे मांडलेत आणि सगळे माझ्याकडेच बघतात. बघा बापडे! पांढऱ्या भागावरच्या शिरा म्हणजे लाल रेशमाचे तंतू, चिमट्याने एकेक चिकटवायचे. ते माझं काम. मालकांना सगळे काका म्हणतात. मी इन्सुलिन घेते हे त्यांना सांगितलं नाही. आधीच्या ठिकाणी सांगितलं, तर सगळे मला काचेचं भांडं समजायला लागले होते.

बुधवार, ५
रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन दिवसभर काम करत राहतं. जेवण लांबलं की साखर उतरते, हात थरथरतात, छाती धडधडते. मग डबीतली साखर तोंडात टाकायची, की झालं. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, ही थरथर तुझी राखणदार आहे. आज नेमकी काकांसमोर थरथरले आणि शीर वाकडी चिकटली. काका रागावले नाहीत. नव्या माणसाचा हात घाबरतोच म्हणाले, आणि चहाबरोबर एक गोळी दिली. हात स्थिर राहावा म्हणून इथे सगळेच घेतात म्हणे. पॉलिश करणाऱ्या मावशींनीही मान डोलावली. विचारल्याशिवाय नवं औषध घ्यायचं नाही, ही डॉक्टरीणबाईंची ताकीद आठवली. पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. गिळली.

सोमवार, १०
रोज गोळी, आणि हात असा की काका म्हणाले, पोरीच्या हातात जादू आहे! ताईला फोनवर कळवलं, थरथर गेली, म्हणजे आता साखर उतरत नाही. मोजून बघ म्हणाली. कशाने मोजू, कपाळाने? यंत्र सामानाच्या धांदलीत तिच्याकडेच राहिलंय. साखरेची डबी धुऊन त्यात रेशीम ठेवलं. मुंग्यांची कटकट तरी मिटली.

शुक्रवार, १४
सकाळी उशी घामाने ओलीचिंब. उकाडा तर नाही. दुपारी भानावर आले तेव्हा हातातला डोळा शिरांनी लालभडक झाला होता, पांढरं नावाला उरलं नव्हतं. मी केलं हे? मावशी म्हणाल्या, हाका मारल्या तर तू नुसती हसत होतीस. त्यांनी गोड चहा पाजला. मग बरं वाटलं.

शनिवार, १५
कप्प्यातला एक डोळा मिटला. आईशप्पथ, मिटला आणि उघडला. पुन्हा घाम. वेड लागतंय का मला? खूप भीती वाटते. ताईला फोन करून सगळं सांगितलं, गोळीचंसुद्धा. ती आधी कडाडली, मग रडली. डॉक्टरीणबाईंना विचारते म्हणाली.

रविवार, १६
कारखाना बंद. सकाळपासून खाल्लं नाही, भूकच नव्हती. ताईचा फोन आला. ती गोळी थरथर झाकते, धडधड झाकते. फक्त घाम उरतो. साखर उतरतच होती. रोज.

आत्ताच्या आत्ता साखर खा म्हणाली. ती निघालीय.

साखर खाली, चहाच्या कपाटात. जिन्यावर —

डोळे बसलेत. पायरीपायरीवर. कसं उतरू

अंग ओलं —

डबी! डबी आहे की माझी. वेडे, डबी —

लाल आहे. मऊ. सगळं तोंडात घातलं. गोड नाही. ताई, गोड का नाही गं

अक्षर बघ पण. एक रेघ हलली नाही. हात किती