ठमाताईंचे शनिवार

भिवंडी,
१४ डिसेंबर २००७

प्रिय रुचिका,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलं असशील. पाच वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, त्यामुळे घरात आणखी काही झालं की काय, अशी भीती वाटली असेल. तसं काही नाही. मनोज बरा आहे, सूनबाई बरी आहे. समोरच्या गाळ्यातले लूम सकाळपासून धडधडत असतात, त्यामुळे घर किती गप्प झालंय ते लगेच कळत नाही. जेवायला बसलो की कळतं. सूनबाई वाढते, पण भात कमी-जास्त झाला म्हणून कुणी कुरकुर करत नाही आता.

आई गेली तेव्हा तू तेरा दिवस इथं होतीस. त्या तेरा दिवसांत आपण दोघं 'चहा ठेवू का' आणि 'ठेव' यापलीकडे बोललो नाही. मला बोलायचं होतं. पण सुरुवात त्या २००२ सालच्या संध्याकाळपासून करावी लागली असती. मी पडघ्याचं स्थळ ठरवून आलो होतो, तू नाही म्हणालीस, मुंबईची नोकरी सोडणार नाही म्हणालीस, आणि मी म्हणालो, "मग तिकडंच राहा." तू राहिलीस. वर्गात एकदा बोललेलं मी कधी मागे घेतलं नव्हतं, तीच सवय घरातही चालवली.

तू परत गेलीस त्याला आठवडा झाला असेल, तेव्हा दारात तीन बायका येऊन उभ्या राहिल्या. शहरातल्या वाटत होत्या, घामाघूम झालेल्या. तुला न कळवताच निघाल्यामुळे त्यांच्याकडे नेमका पत्ता नव्हता; धामणकर नाक्याला रिक्षातून उतरून तासभर त्या गल्लोगल्ली 'ठमाताईंचं घर कुठलं' असं विचारत फिरत होत्या. कुणाला सांगता येईना. येणार कसं? गल्लीत तिला सगळे मास्तरीणबाई म्हणतात, नातेवाईक मनोजची आई म्हणतात, आणि मी तर 'अगं' म्हणायचो. दार उघडल्यावर त्यातली पूर्वाताई नावाची बाई मला म्हणाली, "ठमाताई इथंच राहायच्या ना?" तर मी क्षणभर विचारात पडलो. खरं सांगतो, लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती, पण तिचं नाव असं कुणाच्या तोंडून मोठ्यानं ऐकून किती वर्षं लोटली होती ते आठवेना.

त्यांनी सांगितलं ते तुला नवीन नाही. मला सगळंच नवीन होतं. मी समजत होतो, आई एक शनिवार आड तुझ्याकडे येते ती गुडघ्यांच्या शेकासाठी. दादरला कुणी चांगला डॉक्टर आहे, रात्री लेकीकडे राहून रविवारी परत. मनोज तिला एसटीत बसवून द्यायचा. रविवारी दुपारी ती यायची तेव्हा चेहरा असा उजळलेला असायचा की मी म्हणायचो, "शेक मानवतोय तुला." ती म्हणायची, "मानवतोय की. लय बरं हाय आता." आणि पदर खोचून कामाला लागायची.

तो शेक म्हणजे तुमचं दादरचं महिला मंडळ होतं. सकाळी गाण्याची तालीम, मग सगळ्यांनी मिळून मिसळ, दुपारी नाटक, नाटक नसेल तर चित्रांचं प्रदर्शन, संध्याकाळी चौपाटीवर गप्पा. पूर्वाताई सांगत होत्या की पहिल्या नाटकाला ठमाताई पडदा उघडायच्या आधीच रडू लागल्या; विचारलं तर म्हणाल्या, एवढ्या खुर्च्या आणि त्यातली एक माझी. पुढे त्याच सगळ्यांना बजावू लागल्या की हे नाटक बघा, ते बघू नका. दर गुरुवारी ती पेपरचं नाटकांच्या जाहिरातींचं शेवटचं पान घेऊन बसायची. मला वाटायचं डब्यांत घालायला कागद निवडतेय. एका चित्राच्या प्रदर्शनात म्हणे तिनं चित्रकारालाच सांगितलं की भाताचं रोप असं वाकत नाही, आणि त्यानं वही काढून लिहून घेतलं. तिसरी बाई हे सांगताना हसत होती, हसता हसता डोळे पुसत होती. माझ्या बायकोबद्दल मला परकी माणसं सांगत होती आणि मला मधे एक शब्द घालता येत नव्हता.

मग त्या म्हणाल्या की आई त्यांना धवले शिकवत होती. लग्नात मांडवाखाली आपल्या बायका गातात ते धवले. त्यांच्यापैकी कुणी ते कधी ऐकलेले नव्हते. गेल्या वर्षी दीडदोनशे माणसांसमोर तिनं ते गायले आणि लोक उठून उभे राहिले.

यावर मला काय आठवलं ते त्यांना कळलं नसेल. तुलाही माहीत नाही. तू तेव्हा जन्मली नव्हतीस. दौलतकाकाच्या लग्नात आमचे हेडमास्तर आले होते. मी नवीन मास्तर, अंगावर इस्त्रीचा सदरा. मांडवात बायका गात होत्या आणि सगळ्यांच्या वर तुझ्या आईचा आवाज. मला लाज वाटली. मी उठून गेलो, तिच्या कानाशी वाकून म्हणालो, "मास्तराच्या बायकोला हे शोभत नाही." ती कडव्याच्या मध्यातच थांबली. बाकीच्या बायका पुढे गात राहिल्या. त्यानंतर आपल्या भावकीतल्या एकाही लग्नात ती गायली नाही. घरात तांदूळ पाखडताना गुणगुणायची, पण माझी चप्पल वाजली की बंद. तीस वर्षं मी पोरांना कविता चालीवर म्हणायला शिकवत होतो, रुचिका.

निघताना मी पूर्वाताईंना विचारलं, "मला का नाही सांगितलं तिनं?" आई त्यांना म्हणाली होती, "न्हाय म्हनाले तर ह्ये पन जाईल."

आधी मला राग आला. तुम्ही दोघींनी मिळून मला पाच वर्षं फसवलंत, असं वाटत राहिलं. दोन दिवस मी मनोजशीही धड बोललो नाही. मग एका सकाळी तांदळाचा डबा उघडला, तिचं ते पाखडतानाचं गुणगुणणं आठवलं, आणि राग कुठे गेला कळलं नाही. तू तिला ते शनिवार दिलेस म्हणून बरं झालं. तुला मी घराबाहेर काढलं नसतं, तर तिला जायला जागाच नसती, असाही विचार मनात येतो, पण त्यानं माझा अपराध कमी होत नाही.

त्या बायकांनी कार्यक्रमाची पत्रिका ठेवली होती, नऊ डिसेंबरची. आईचं नाव आधीच छापून झालं होतं: ठमाबाई बाळाराम भोईर. तिच्याऐवजी लेक गाणार, म्हणाल्या. या तुम्ही, म्हणाल्या. मी जमणार नाही असं सांगितलं.

पण मी आलो होतो. मनोजला पेन्शनच्या कामासाठी एकाला घरी भेटायचंय असं सांगून निघालो आणि शेवटच्या रांगेत दाराजवळ बसलो. तू आईची जांभळी साडी नेसली होतीस. उभी राहिलीस तीही तिच्यासारखीच, एका पायावर भार देऊन. तू छान गायलीस. पण तिसरं कडवं संपवून तू सरळ पाचव्यावर गेलीस. सभागृहात कुणाच्याच लक्षात आलं नाही. मला बसवेना, मी बाहेर पडलो, तुला न भेटता भिवंडीला आलो. तू विसरली नव्हतीस. आईनं तुला चौथं कडवं शिकवलंच नाही, कारण त्याच कडव्यावर मी तिला थांबवलं होतं. ते मला येतं. माझी आई गायची, तुझी आजी. कागदावर लिहायला बसलो, तीनदा लिहिलं, पण चालीशिवाय ते नुसते शब्द दिसतात. ते समोर बसूनच द्यावं लागेल. माझा आवाज चांगला नाही, पण चाल पक्की आहे. येत्या शनिवारनंतरच्या शनिवारी सकाळच्या एसटीनं तुझ्या घरी यायला निघेन म्हणतो. नको असेल तर तसं कळव, मी समजून घेईन. हो असेल, तर उतरून कुठल्या बाजूला वळायचं तेवढं लिही. ती वाट तिला पाठ होती, मी कधी विचारली नाही.

तुझाच,
बाबा