व्याह्यांशी गोल्फ

ती. मामास,

भाच्याचा वाकून नमस्कार. (वाकून हा उपचार नव्हे, परवापासून कंबर सरळच होत नाही.) मामींचा गुडघा आता जिना चढू देतो असं कळलं. बरं वाटलं. सध्या आमच्या घरात बरं वाटण्यासारखी एवढीच बातमी आहे.

आपल्या चिमणीचं लग्न ठरलं, ते तुम्हाला ठाऊक आहेच. होणाऱ्या जावयाने गप्पांत सांगितलं की त्याचे वडील गोल्फ खेळतात. त्यावर आमची कन्या कौतुकाच्या भरात म्हणाली, "बाबा तर गोल्फ सोडतच नाहीत!" (सोडत नाही तो टीव्हीवरचा, इतकी गाढ झोप मला दुसऱ्या कुठल्याच खेळात लागत नाही.) झालं! येत्या रविवारी आम्ही दोघा व्याह्यांनी खेळायचं ठरलं. म्हणून मी गुपचूप सरावाचं मैदान गाठलं. तिथे एका लांब शेडखाली ओळीने खण केलेले असतात. आपल्या खणात हिरव्या चटईवर उभं राहायचं, बादलीतला चेंडू पुढ्यात ठेवायचा आणि काठीने समोरच्या मोकळ्या मैदानात भिरकावायचा. चेंडू हलत नाही, बोलत नाही, कुणी आडवं येत नाही. आणि तरीही, मामा, जन्मभर लोकांच्या दाढा अचूक उपटलेल्या या हाताला तो चेंडू काही सापडेना! चटईचा कोपरा उचकटला, बादली लवंडली आणि शेवटी जीव खाऊन फटका मारला, तेव्हा चेंडू जागेवर राहिला आणि घामेजल्या हातातून निसटून काठीच मैदानात गेली. भोंगा वाजला. सगळ्यांचा खेळ थांबला. शेजारच्या खणातल्या आजीबाई (यांचे चेंडू दिसेनासे होईपर्यंत सरळ जात होते) शांतपणे म्हणाल्या, "अहो, काठी हातात ठेवायची असते."

मान खाली घालून काठी आणायला गेलो. ती घेऊन वळलो, तर सगळे खण समोरून दिसत होते. आणि अगदी कडेच्या खणात, टोपी नाकापर्यंत ओढून, आमचे व्याही! शिकवणारा त्यांची मनगटं धरून सांगत होता, "काका, घाबरू नका. आधी डोळे उघडा." त्यांनी उघडले, ते नेमके माझ्यावर. मी आभाळाकडे पाहिलं, त्यांनी बादलीत पाहिलं.

संध्याकाळी त्यांचा फोन. "काय मग डॉक्टर, रविवारी मजा येणार!" मी म्हणालो, "म्हणजे काय, येणारच!" आता खरं बोलावं तर त्यांची अब्रू जाते, न बोलावं तर दोघांची, तीही दोन्ही घरच्या मंडळींसमोर, कारण बायका डबे घेऊन बघायला येणार आहेत. मला जेवण जात नाही.

तुमचा हताश,
भाचा

ता. क. : शनिवारी तुम्ही अचानक गंभीर आजारी पडावं, एवढीच कळकळीची विनंती. मला लगेच निघावं लागेल.

ता. क. (दुसरा) : आजार जरा नीट, बघणाऱ्याला दिसेल असा निवडा. तुमची तब्येत नरम असल्याचं व्याह्यांच्या कानावर घातलं, तर म्हणाले, "अशा वेळी तुम्हाला एकट्याला कसं जाऊ देऊ?" त्यांची बॅग भरूनसुद्धा झाली आहे.