चौदा नंबरची सावली

९ जुलै, मंगळवार. सकाळी.
"आधी ब्रेकर पाड, मग प्लगला हात लाव, रोवीना. उलटं केलंस तर मला दुसरी बायको शोधावी लागेल," वेंडेल वीस वर्षांपूर्वी म्हणाला होता. शोधायची वेळ आलीच नाही. दोन वर्षांपूर्वी तोच गेला. घरगाडी, आमचं चाकांवरचं घर, आता माझी. मी समर्थ आहे.
शनिवारी मार्नी बाळाला घेऊन येतेय. फोनवर म्हणाली, "आई, सगळं धड चालत असेल तर राहा त्या वाळवंटात, युमात. नाहीतर गाडी विकायची आणि माझ्या घरी यायचं. गिऱ्हाईक तयार आहे." लेकीला दाखवूनच देते.

१० जुलै.
घरगाड्यांच्या पार्कचे मॅनेजर ऑरिन म्हणाले, तुमची गाडी पन्नास अँपिअरची, बावीस नंबरच्या जागेवर या, तिथे पन्नासचं सॉकेट आहे. पण तिथे झाड नाही. चौदावर मेस्किटची सावली आहे, सावलीत वेंडेलची खुर्ची. इथे तीसच अँपिअर मिळतात, म्हणून अडॅप्टर आणला. दोन टोकं जाड, मधे वायर. सगळे त्याला कुत्र्याचं हाड म्हणतात. ऑरिननी बजावलं, "हाड लावून तिसाचे पन्नास होत नाहीत, बाई. एका वेळी एकच एसी." मान डोलावली. निश्चय: एकच एसी.

११ जुलै, दुपारी. एकशे बारा अंश फॅरनहाइट.
दोन्ही एसी लावले. फक्त तालीम. वीस मिनिटं स्वर्ग. मग ब्रेकर पडला. वर केला. पडला. पार्कचा ब्रेकर फार हळवा दिसतो. चार वेळा समजूत घातली. प्लग गरम लागतोय. पण जुलैत इथे दाराची कडीही गरम लागते.

१२ जुलै.
युक्ती सुचली. इथे आम्ही बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून गार ठेवतो. अडॅप्टरला ओला टॉवेल गुंडाळला.
ऑरिन गोल्फ कार्टमधून ओरडतच आले. "टॉवेल काढा! नाही, नाही, हात लावू नका!" ब्रेकर पाडून त्यांनीच काढला. म्हणाले, "नवऱ्याला भेटायची एवढी घाई झालीय?" मी हसले. मग आत जाऊन रडले. थोडंच.
हाड एका बाजूने काळं पडलंय. फेकायला हवं. पुसून परत लावलं.

१३ जुलै, संध्याकाळी. डाव्या हाताने लिहितेय.
मार्नी आली. बाळ घामाने चिंब, रडून लालबुंद. एसी पुढच्या खोलीत चालू, बाळाचं अंथरूण मागच्या. दहाच मिनिटं म्हणून मागचाही लावला. तेवढ्यात मार्नीने विजेच्या शेगडीवर कॉफी ठेवली. जळका वास आला. बाळाला उचलून ती बाहेर पळाली. "आई, ब्रेकर! आधी ब्रेकर!"
मी धावले आणि सरळ प्लग ओढला.
हाड वितळून प्लगला चिकटलंय. माझ्या तळव्याची थोडी कातडीही त्यालाच.
मार्नी रागावली नाही. तळव्याला पट्टी बांधली आणि वेंडेलच्या खुर्चीत बसून नुसती बाळाला वारा घालत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

१४ जुलै, रविवार.
गिऱ्हाईक उद्या येणार. मी हो म्हणून टाकलं. मार्नी माझं सामान तिच्या मोटारीत भरतेय. एकटीच. मला हात लावू देत नाही.
ती नाही म्हणणार, माहीत आहे. तरी विचारते: मार्नी, आजची दुपार मला एकटीला इथे, चौदावर, राहू देशील? काहीही जोडणार नाही. फक्त तो छोटा पंखा.