लख्ख उन्हात आलेला पूर

कन्हान, जि. नागपूर
पोळ्याआधीचा रविवार, १९७९

सौ. वच्छलास आशीर्वाद.

मी धडधाकट आहे अन् जेवलो आहे, हे आधी वाच. मग पुढचं.

नदीतल्या खांबावर पाण्याची उंची पाहून नागपूरला कळवायची, ही माझी नोकरी. पण यंदा पावसाळाभर पाणीच नव्हतं. बाया वाळूत झिरे उकरून घागरी भरत होत्या. काल दुपारी नदीच्या वरच्या अंगाच्या पाणी-मोजणी ठाण्यावरून फोन आला, की डोंगरात भयंकर पाऊस झाला, पात्र रिकामं करा. इथं तर लख्ख ऊन होतं.

मी ओरडत वाळूत धावलो. बाकीच्या निघाल्या, पण भीमाबाई नावाची म्हातारी घागर सोडेना. म्हणाली, "काहून भेवाडून राहिला गा? आभाळात ढग नाही, पाणी कोठून येईन?" तिले दंडाला धरून काठावर ओढत आणलं. मागं वळून पाहिलं, तर जिथं ती बसली होती तिथून सागाची अख्खी झाडं वाहत चालली होती.

सगळे वाचले.

बाबांचा गुडघा कसा आहे?

अन् तू छोटीले काखेत घेऊन झिऱ्यावर जातेस ना? उद्यापासून जाऊ नको. लांब पडलं तरी विहिरीचं पाणी आण. आपल्या नदीवर फोन करणारं कोणी नाही वं.

तुझा,
महादेव